जाड केबल

ऐन थंडीतल्या एका रविवारी दुपारी द्वारकेच्या फ्लॅटमध्ये विश्वास नवी पॉवर केबल हातात धरून उभा होता. अंगठ्याएवढी जाड, काळ्या विणलेल्या वेष्टनातली. सहजासहजी वाकतही नव्हती. समोर सोफ्यावर ऑफिसातला मित्र हरीश बसला होता. तो विश्वासची म्युझिक सिस्टीम खास ऐकायला म्हणून गुरुग्रामहून आला होता.

"तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरला कोणती आहे?" विश्वासने विचारलं.

"खोक्यात आली तीच."

विश्वास हसला. तिला केबल नाही, पायजम्याची नाडी म्हणतात, असं तो म्हणाला. बारीक वायरीत वीज गुदमरते, तानपुरा सपाट वाजतो, आणि ज्यांना हा फरक कळत नाही त्यांनी मोबाइलवर गाणी ऐकावीत, हेही त्याने सुनावलं. हरीशने मान डोलावली. वाद घालण्याइतकं त्याला यातलं काही महत्त्वाचं वाटत नव्हतं.

विश्वासची बायको वीणा चहा घेऊन आली. ट्रे ठेवताना तिने सांगितलं, की आईंच्या हीटरला लावलेली एक्स्टेन्शनची वायर आजही हाताला गरम लागतेय, तेवढी आधी बदलून जाड आण.

"आणतो ना यार," विश्वास म्हणाला. हीटरचीच वायर ती, थंड कशी राहील, असं वर बोलून तो स्वतःच हसला. मग त्याने केबल अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, गाणं लावलं आणि दोन्ही स्पीकर्सच्या बरोबर मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसला.

"बघ," तो हरीशला हळूच म्हणाला, "गाणाऱ्या बाईंचा श्वास ऐकू येतोय."

तेवढ्यात जळका वास आला.

विश्वास ताडकन उठला आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे धावला. गुडघ्यांवर बसून त्याने मागे हात घातला, केबल चाचपली, प्लग हुंगला. वीणा आतल्या खोलीकडे पळाली होती. हरीश तिच्या मागे गेला.

आत विश्वासची आई, इंदुमती, भिंतीला चिकटून खोकत उभी होती. एक्स्टेन्शनची वायर वितळून रजईच्या लोंबत्या टोकाला चिकटली होती आणि तिथून धूर निघत होता. वीणाने बटण बंद केलं. हरीशने रजई खाली ओढून टोक बुटाने विझवलं. दोघांनी धरून म्हातारीला बाहेर आणलं.

विश्वास पुन्हा खुर्चीत बसला होता.

"केबल बिल्कुल थंड आहे," तो म्हणाला. "आपल्याकडचं काही नाही."

हीटर बंद पडल्याने इंदुमतीचे हात गार पडले होते. ती अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेली. वरच्या काचेच्या नळ्या निखाऱ्यासारख्या तापल्या होत्या. तिने त्यांच्यावर दोन्ही तळवे धरले.

"आई, लांबून. काचेवर बोटांचे डाग पडतात."

इंदुमतीने हात मागे घेतले. वीणा पुढे झाली. तिने गाणं बंद केलं, अ‍ॅम्प्लिफायर तसाच चालू ठेवला आणि सासूचे हात धरून पुन्हा त्या उबेवर नेले.

"शेका तुम्ही, आई," विश्वासकडे बघत ती म्हणाली. "एवढा तरी उपयोग होऊ दे त्याचा."