जेवणानंतरची फेरी

“आता डावीकडे,” श्रीपादराव म्हणाले.

लिस्बनच्या चौकात टूरवाल्यांनी दोन तास मोकळे दिले होते. बाकीची मंडळी ट्रामसमोर फोटो काढत होती आणि शरयू नवऱ्यामागे धापा टाकत चढ चढत होती. पुण्यात भाजी आणतानाही रस्ता चुकणारा हा माणूस इथे कुणालाही न विचारता भराभरा चालला होता.

“आता औषधाचं दुकान. मग निळ्या फरशांची भिंत.”

दोन्ही अगदी तसंच लागलं.

“अहो, पण तुम्हाला कसं ठाऊक?”

“ऋजुताची गल्ली आहे. मोबाइलच्या नकाशात रस्त्यांचे फोटो दिसतात. रोज जेवण झालं की एक फेरी मारतो.”

रोज जेवणानंतर ते मोबाइलवर पत्ते खेळतात, असं शरयू समजत होती. सहा वर्षांपूर्वी लेकीने परक्या देशातला नवरा केला, तेव्हा तिचं नाव या घरात काढायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं.

“एकदा तिच्या गॅलरीत कुणीतरी उभं होतं,” ते खाली बघत म्हणाले. “पण त्या फोटोंत चेहरे पुसट करतात गं. कितीही मोठं केलं तरी कळेना.”

हिरव्या दारापाशी मात्र त्यांचे पाय थबकले.

“तू वर जा. तिनं बोलावलं तर येईन मी.”

“सहा वर्षं रोज न बोलावता येताय,” शरयू म्हणाली, “आणि आज मानपान?”

तिने त्यांचं बोट धरून बेलवर ठेवलं. बेल दाबली मात्र त्यांनीच.