दारातली मोजणी

एकोणीसशे एकोणऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत तंत्रशाळेतले शिक्षक चनमल्लप्पा मायक्रोप्रोसेसर शिकायचं किट भवानी पेठेतल्या घरी घेऊन आले. उघडं सर्किट, थोडी बटणं आणि लाल आकडे. त्यांनी खोलीच्या एकुलत्या दाराच्या चौकटीत एका बाजूला दोन बारीक दिवे आणि समोर त्यांचा उजेड टिपणारे दोन डोळे बसवले, तारा जोडल्या आणि किट बाहेर स्टुलावर ठेवलं. उजेड अडवून कुणी आत गेलं की आकडा एकाने वाढायचा, बाहेर आलं की एकाने कमी व्हायचा.

दुपारी ते एकटेच आत बसले होते. सहज बाहेर पाहिलं, तर आकडा दोन होता.

"काशम्मा, तू आत येऊन गेलीस का?"

"न्हाय की. मी स्टोव्हपाशी हाय," बायको म्हणाली. ती बघायला आत आली आणि आकडा तीन झाला.

त्यांनी तारा तपासल्या. कॉटखाली, कपाटामागे वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. दोघं बाहेर आली. आकडा एकावर थांबला.

"अवो, आत कोन हाय?" तिने त्यांचा दंड घट्ट धरला.

"कुणी नाही. यंत्र चुकतंय," असं म्हणत त्यांनी बटण दाबून आकडा शून्य केला. दोघं उंबऱ्याबाहेर उभी राहून रिकाम्या खोलीकडे बघत राहिली. शून्य हललं नाही. काशम्माने सुस्कारा सोडला.

तेवढ्यात शून्य गेलं आणि तिथे उणे एक आलं.

खोलीतून कुणीतरी बाहेर आलं होतं, आणि दारात ती दोघं उभी होती.