पापुद्रा

पितळी ताट. भिंतीतला हातभर झरोका. भाकरीचा अख्खा पापुद्रा. बहात्तरच्या दुष्काळापासून रत्नम्मा गढीतल्या विधवा राणीसाहेबांना झरोक्यातून ताट सरकवी. गोषा म्हणून दर्शन कधीच नाही. ताट परते तेव्हा पापुद्रा उरलेला असे. तो प्रसाद म्हणून खाऊनच तिनं दुष्काळ काढला. ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. कचेरीला जागा हवी म्हणून राणीवशाचं कुलूप तुटलं. आत रत्नम्माची थोरली बहीण होती, कॉलऱ्यानं मेली म्हणून गढीच्या कारभाऱ्यानं कळवलेली नीलम्मा. "अक्का, जिती हायस? राणीसाहेब कुठं?" "त्या दुष्काळातच हैदराबादला गेल्या. गढी रिकामी दिसली तर सरकारजमा होईल म्हणून कारभाऱ्यानं मला त्यांच्या जागी कोंडलं, गळ्यातल्या इष्टलिंगावर गप ऱ्हायची शपथ घातली." नीलम्मानं रत्नम्माच्या हातातल्या ताटाकडं बघितलं. "पापुद्रा खात हुतीस न्हवं? ल्हानपणी माझा पळवायचीस, चोट्टे!" बहात्तर साली त्या ताटातून दिवसाला एकच भाकरी आत जाई.