उलटं शूटिंग

"या माणसाला माहीत होतं का, कॅमेरा चालू आहे म्हणून?"

प्रवेश समितीच्या नकामुरा मॅडमनी विचारलं. शेजारचे दोन प्रोफेसर कागदात डोकं घालून बसले. भिंतीवर ओफेलियाची आठ मिनिटांची फिल्म नुकतीच संपली होती.

ओफेलिया बॅरिएंतोस, वय त्रेपन्न. सव्वीस वर्षं बेकर्सफील्डला शाळेची बस चालवली. मग गुडघा गेला, तशी बाई गावातल्याच कम्युनिटी कॉलेजात जाऊन बसली, आपल्या पोराच्या वयाच्या पोरांत. दोन वर्षं तिथं काढली. आता लॉस एंजेलिसच्या मोठ्या विद्यापीठात सिनेमाच्या तिसऱ्या वर्षाला घ्या, म्हणून मुलाखतीला आली होती. दुसरीकडे कुठं अर्जच केला नव्हता. वर्गातल्या पोरांनी आठ-आठ ठिकाणी केले. ही म्हणायची, मला एका वेळी एकच गाडी चालवता येते.

फिल्ममध्ये होता एल्डन प्रूइट. डेपोचा मेकॅनिक, चाळीस वर्षं बसखाली आडवा पडलेला, आता एकोणऐंशीचा. सगळे त्याला पॉप म्हणायचे. टाय सैल करून, चिंधीनं बोटं पुसत तो बोलतो. मधूनच नजर समोर येते नि पुन्हा खाली जाते. फार जुन्या एका सकाळची गोष्ट आहे. साहेबाची घाई होती. चौदा नंबरच्या बसच्या ब्रेकबद्दल पॉपला शंका होती, तरी त्यानं 'गाडी ठीक' म्हणून सही केली. एक्केचाळीस पोरं डोंगरात सहलीला गेली. हा संध्याकाळपर्यंत फाटकात उभा. बस आली, पोरं गात गात उतरली. काही झालं नाही. "बायकोला पण नाही सांगितलं," तो म्हणतो. "आता ती पण नाही." तिथं फिल्म संपते.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. परवानगीच्या कागदावर त्याची सही आहे, पण ती सकाळची, बोलायच्या आधीची. आणि हा तर असा बोलतोय, की जणू समोर कुणीच नाही. माणसाच्या नकळत त्याचं गुपित उचलणाऱ्याला त्या घेत नसत. मागच्या साली एकाला याच कारणासाठी परत पाठवलं होतं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, माझी पद्धतच अशी आहे. ओफेलियाला ते सुचलं नसेल असं नाही. पण सव्वीस वर्षं नुसतं आरशात बघून बसभर पोरांना गप्प करणारी बाई ती. खुर्चीत सरळ बसली.

"मॅडम, चोरी नाही केली. गाढवपणा केला."

आणि सगळं सांगून टाकलं. कॅमेऱ्याला बटण एकच. दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. स्टँडवर चढवताना तिच्या अंगठ्यानं ते एकदा दाबलं गेलं, आणि तिथून दिवसभर सगळं उलटं. ती चालू करायला जायची तेव्हा बंद व्हायचं, बंद करायला जायची तेव्हा चालू. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर ऊन, त्यामुळं काही दिसत नव्हतं. पॉपनं गुडघ्यांवर हात ठेवून, डेपोच्या अभिमानाचं जे भाषण ठोकलं, त्यातलं एक अक्षर आलं नाही. ही माईक बदलत होती, पाणी आणत होती, तेवढ्यात तो जे बोलला तेच आलं. घरी जाऊन बघितलं आणि त्या दिवशी जेवलीच नाही.

एक प्रोफेसर गालात हसला. त्या धंद्यात ही चूक पहिल्या वर्षी सगळेच करतात. करतात आणि गुपचूप पुसून टाकतात.

ओफेलिया म्हणाली, मीही पुसणार होते. पण आधी पॉपना नेऊन दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं, टोपी घातली, 'ठीक आहे' म्हणाले नि निघून गेले.

मॅडमचं तेवढ्यानं भागेना. म्हातारी माणसं भिडेपोटी पण ठीक म्हणतात. खरं सांगायचं तर त्या 'ठीक'चा अर्थ ओफेलियालाही अजून लागला नव्हता. तरी ती डगमगली नाही.

"बाहेर बाकावर बसलेत ते. विचारा की. नको म्हणाले तर फिल्म मागं घेते, आणि अर्ज पण."

पॉप खरंच बाहेर होता. तिच्या गाडीच्या इंजिनावर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून सोबत आला होता. घाट चढताना दोनदा बॉनेट उघडायला लावलं होतं.

तो आत आला. टोपी काढली. खुर्ची दिली तर बसला नाही. मॅडमनी त्याला तेच विचारलं, कॅमेरा चालू होता हे कळत होतं का.

"कळत होतं की," पॉप म्हणाला. "पुढून लाल दिवा लागतो त्याला. ही मागं उभी, हिला कुठला दिसतोय. ही 'सुरू' म्हणाली की विझायचा, 'थांबा' म्हणाली की लागायचा."

मॅडमनी दोघा प्रोफेसरांकडे बघितलं. दोघांनी मान डोलावली. मॅडमनी कागदावर सही केली आणि सप्टेंबरात वर्ग सुरू होतात, वेळेवर या, असं ओफेलियाला सांगितलं.

ओफेलियाचं तिकडं लक्षच नव्हतं. ती पॉपकडं बघत होती.

"दिवसभर दिसत होतं तुम्हाला? मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू लगेच दुरुस्त केलं असतंस, पोरी," पॉप म्हणाला. "आणि मी परत भाषणच केलं असतं."