चिमणीच्या दातांनी

वाटीवर चमचा खणकला, तेव्हा कुठे घरातली शांतता मोडली. काचेच्या दारापलीकडे वृंदाची आई छोट्या रेवाला वरणभात भरवत होती. दाराच्या अलीकडे वृंदा एकटीच. तिच्या जिभेवरचा कर्करोग नव्या जातीचा होता, लाळेतून दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजणारा.

"लेकीला कधी उष्टं दिलं नव्हतंस ना गं?" आईने पुन्हा विचारलं.

"छे! चिक्कीसुद्धा तिच्या फ्रॉकमध्ये धरून चिमणीच्या दातांनी तोडून द्यायचे."

"अगं वेडे, कापडातून लाळ झिरपत नाही होय?"

वृंदाने काचेतून रेवाच्या तोंडाकडे पाहिलं.

रेवा तोंडातला घास तसाच ठेवून काचेला येऊन चिकटली. "आई, मलापण तुझ्यासारखी गाठ आली, तर मला तुझ्या कुशीत झोपता येईल ना?"