महिन्याची सही

विमानांचे सुटे भाग दुरुस्त करणारा रवींद्रचा डोंबिवलीतला कारखाना दोन वर्षं कामाविना पडून होता. परवाना मात्र जिवंत ठेवायचा, तर दर महिन्याला एका कागदावर लिहावं लागे, 'अवजारं तपासली, ठीक आहेत', आणि खाली मुख्य तंत्रज्ञ देवरामदादांची सही. दादांनी दोन वर्षांत अवजारांचं तोंडही पाहिलं नव्हतं. लकव्यानं त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या होत्या. पण रवींद्र विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी कागद घेऊन गेला की ते डाव्या हातानं झोकात सही ठोकत. ती कशी जमते, हे त्यानं कधी विचारलं नाही.

"तुमच्याशिवाय यांच्याकडे येतंय कोण, भाऊ!" दादांच्या पत्नी कांतावहिनी दर वेळी म्हणायच्या, आणि तो चहा अर्धाच ठेवून निघायचा.

आज त्याला राहवलं नाही. "वहिनी, मी भेटायला नाही, सहीसाठी येत होतो. आजारी माणसाकडून खोटं लिहून घेतलं मी. परवाना परत करतोय. आता सही नको."

वहिनींनी दादांच्या उशीखालून एक दुरेघी वही काढून त्याच्या हातात दिली. पानापानावर दादांची सही होती. सुरुवातीला वेडीवाकडी, मग हळूहळू वळणावर आलेली.

"रोज सकाळी खुणेनं वही मागतात," त्या म्हणाल्या. "सही बिघडली तर तुम्ही यायचं बंद कराल, ही भीती त्यांना."

दादा दाढी करून, डाव्या हातात पेन धरून बसले होते.