दिवाळीत बसवलेला पंप

टेम्पोला दोरानं बांधलेली पांढरी मारुती गॅरेजच्या दारात थांबली, आणि दत्ताराम मयेकर टेम्पोतून उतरायच्या आधीच ओरडायला लागला. पाण्याचा पंप नवा सांगून जुना घातला, टायमिंग बेल्टही कुठल्यातरी भंगारातला, दिवाळीत बसवलेलं काम शिमग्यापर्यंत टिकलं नाही, हातखंब्याला भर उन्हात गाडी बंद पडून पाहुण्यांसमोर नाक कापलं, सगळं एका दमात. तीन ट्रॉलरांचा मालक तो. मिरकरवाडा बंदरात मासळीच्या लिलावात ओरडून ओरडून कमावलेला आवाज. समोरच्या टपरीवरची माणसं चहाचे ग्लास हातात घेऊनच रस्ता ओलांडून आली.

महिपत मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पंपासाठी तो स्वतः एस.टी.नं कोल्हापूरला गेला होता. येताना घाटभर खोका मांडीवर धरून बसला होता. आणि हा माणूस त्याला चारचौघांत चोर म्हणतो! रत्नागिरीत तेव्हा मारुत्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या खोलायची हिंमत एकट्या महिपतची. ही बोंब संध्याकाळपर्यंत गावभर झाली, की उद्या दारात गाडी कोण उभी करणार? मग पान्हे विकायचे आणि मुंबई गाठायची, दुसरं काय.

“कोणी हलू नका,” तो म्हणाला. “सगळ्यांच्या समोर खोलतो.”

आणि त्यानं खोलली. राग असा की बोल्टसुद्धा मुकाट सुटत गेले. पुली निघाली, झाकण निघालं, आत बेल्ट दिसला. दात झडलेले, रबर फुगलेलं, आणि वरून नुसता तेलानं चकाकणारा. महिपतनं तो नाकाला लावला. मोरी माशाचं तेल! होडीच्या फळ्यांना चोपडतात ते. कोणीतरी झाकणाच्या फटीतून आठवड्याच्या आठवड्याला ओतलं होतं. हा बेल्ट चालतो कोरडा. तेल लागलं की रबराची वाट लागली म्हणून समजायचं.

मग त्यानं रेडिएटरचं झाकण फिरवलं, आत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकला. पंप काढून फरशीवर ठेवला. आतली पाती गंजानं पार खाल्लेली, कडेनं पांढरं मीठ बसलेलं. एकाच्या हातातला रिकामा ग्लास घेऊन त्यानं रेडिएटरचं पाणी त्यात सोडलं आणि दत्तारामपुढे धरलं.

“चाखा, दत्ताशेठ.”

दत्तारामनं चाखलं. हे पाणी कुठलं ते त्याला वेगळं सांगायला नको होतं. त्याच्या ट्रॉलरचं इंजिन समुद्राच्याच पाण्यावर थंड होत असे.

तो वळला तो थेट गाडीकडे. मागच्या सीटवर, दार उघडं टाकून, त्याचा बाप बसला होता. आप्पा. चाळीस वर्षं तांडेल म्हणून बोटी चालवलेला माणूस. गुडघे गेले तेव्हा पोरानं त्याला घरी बसवलं, आणि तेव्हापासून त्यानं गाडी सांभाळायला घेतली होती. दुसऱ्या कोणाला तो तिच्यावर फडकंसुद्धा मारू देत नसे. दत्तारामनं त्याला नाही नाही ते ऐकवलं. अक्कल समुद्रात बुडवून आलास म्हणाला. उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही, जेटीवर पाऊलही टाकायचं नाही म्हणाला. म्हातारा खाली मान घालून ऐकत राहिला.

महिपतला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. हात पुसत पुसत त्यानं टपरीवाल्यांना ऐकू जाईल असं विचारलं, इंजिन म्हणजे काय सुरमई आहे, खारवून ठेवायला? माणसं खदखदून हसली.

तेव्हा आप्पा दाराला धरून खाली उतरला. पोराकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

“मी ह्याला इचारलेलं,” तो म्हणाला. “दिवाळीत. हा गाडीखाली होता. मी म्हटलं, मिस्त्री, हिला जपायची कशी? सांगितलंन, बोटीच्या इंजिनासारखी जपा.”

हसणं थांबलं. महिपतला एकदम आठवलं. पुलीचा बोल्ट सुटत नव्हता, डोळ्यांत गंज पडत होता, आणि चाकापाशी म्हाताऱ्याचे दोन पाय उभे होते. तेच तेच तिसऱ्यांदा विचारत होता. एकदाचा जाऊ दे म्हणून महिपत काहीतरी बोलला होता.

“काय रे,” दत्तारामनं विचारलं, “असं म्हणालास तू?”

नाही म्हटलं की विषय संपत होता. ज्या म्हाताऱ्याला आत्ता सगळे हसले, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? आणि आता राग नेमका कोणाचा आलाय तेच महिपतला कळत नव्हतं.

“म्हणालो,” तो म्हणाला.

दत्तारामनं पुन्हा तोंड उघडलं, पण आप्पानं नुसता हात वर केला आणि त्याला गप्प केलं. मग गुडघे सांभाळत दोन पावलं पुढे आला.

“तेव्हा गाडीखालून बोललास,” आप्पा म्हणाला. “आता उभा आहेस, तर माझ्या तोंडाकडे बघून सांग, हिला जपायची कशी.”